लग्नाच्या डीजेला गाण्यांची यादी कशी द्यावी? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की आमचे फोन सुरू होतात. पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच : "यादी व्हॉट्सअ‍ॅपला टाकलीय, बघून घ्या." उघडून बघावं तर दीडशे गाणी, आणि कुठलं कधी वाजवायचं याचा पत्ता नाही. डीजे म्हणा, डॉल्बी म्हणा, साउंडवाला म्हणा, काम तेच आहे. त्या कामासाठी तुमच्याकडून नेमकं काय लागतं, ते खाली प्रश्नाप्रश्नाने दिलं आहे.

यादीत किती गाणी असावीत?

तुम्हाला वाटतात त्याच्या निम्मी. सिनेमातलं गाणं चार-पाच मिनिटांचं असतं, पण नाचताना ते कोणी पूर्ण वाजवत नाही. मुखडा, एखादा अंतरा, आणि लोक दमायच्या आत पुढचं. म्हणजे गाण्याला दोन-अडीच मिनिटं, तासाला पंचवीस-तीस गाणी. रिसेप्शनला फोटो, भेटी, जेवण वजा केलं तर खरा नाच दीड तास होतो. चाळीस गाण्यांत तो भागतो. वरातीत उलटा प्रकार : एकच ठेका पकडून पोरं दहा-दहा मिनिटं हलत नाहीत, तिथे दहा-बारा गाणी पुष्कळ झाली.

या चाळिसातली पंधरा तुम्ही ठरवा. बाकी ऑपरेटरवर, म्हणजे मिक्सरवर बसणाऱ्या आमच्या माणसावर, सोडा. तुम्ही यादी महिनाभर आधी सोफ्यावर बसून केलेली असते. समोर कोण उभं आहे, कोण खुर्ची शोधतंय, हे त्या वेळी फक्त ऑपरेटरला दिसतं. यादीच्या क्रमानेच वाजवायचं असेल तर पेनड्राइव्ह लावून कार्यालयाचा वॉचमनसुद्धा ते करू शकतो, त्याला आमचे पैसे कशाला देता?

कागदावर तीन रकाने करा : 'हवीच', 'चालतील' आणि 'नकोत'.

'नकोत'मध्ये काय लिहायचं? आम्हाला तर सगळंच चालतं.

सगळं कोणालाच चालत नाही, फक्त ते वाजल्यावर कळतं.

ठेक्यावर पाय उचलतात म्हणून शब्दांकडे लक्ष जात नाही, अशी गाणी पुष्कळ आहेत. प्रेयसी सोडून गेल्याचं रडगाणं रीमिक्स होऊन नाचाचं झालेलं असतं, आणि बोहल्यावरून उतरलेल्या जोडप्यापुढे ते वाजतं. दुहेरी अर्थाचं गाणं मित्रांना चालतं. पुढच्या रांगेत नवरीचे आजोबा बसलेले असतात. घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर त्यांच्या आवडीचं गाणं कुठलं, तेही सांगून ठेवा. चालू समारंभात एखादी मावशी ओक्साबोक्शी रडायला लागली की पुढचा अर्धा तास गाणी कोणाच्या कानात शिरत नाहीत.

आणि जातीचा, नेत्याचा, गटाचा गौरव करणारी गाणी. ती चांगली की वाईट, हा वाद इथे नको. वरात आपल्या गल्लीतून निघते पण दुसऱ्याच्या पेठेतून जाते, आणि एकाच्या अभिमानाच्या गाण्याला समोरून दुसऱ्याच्या अभिमानाचं उत्तर येतं. लग्नघराने हे गाणं मागितलेलंही नसतं. कोणीतरी मित्र ऑपरेटरच्या कानाशी येऊन "लाव की बे" म्हणतो आणि ऑपरेटर लावतो. 'नकोत'च्या रकान्यात लिहिलेलं असेल तर ऑपरेटरला कागद दाखवून नाही म्हणता येतं.

आम्ही मराठी, सासरकडचे तेलुगू, निम्मे पाहुणे कन्नड. यादी कशी वाटायची?

सोलापुरात हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या लग्नात निघतोच. पूर्व भागातला पद्मशाली नवरा, जुळे सोलापूरची मराठी नवरी, अक्कलकोट-इंडीकडून आलेले कन्नड पाहुणे आणि दखनीत चेष्टा करणारे मित्र, सगळे एकाच हॉलमध्ये.

सगळ्यांना समान न्याय म्हणून लोक एक मराठी, एक तेलुगू, एक कन्नड अशी माळ करतात. दिसायला ती छान असते. प्रत्यक्षात दर दोन मिनिटांनी निम्मी माणसं बसतात आणि निम्मी उठतात, कोणीच रंगात येत नाही. त्यापेक्षा एका भाषेची तीन-चार गाणी सलग घ्या, मग सगळ्यांना तोंडपाठ असलेलं एखादं हिंदी, मग दुसऱ्या भाषेचा घास.

याहून चांगला रस्ता ठेक्याचा आहे. तेलुगू मंडळी तीनमारचा ठेका मागतात. त्याची चाल सहा मात्रांची, दादऱ्याच्या अंगाची. आपली बरीचशी कोळीगीतं आणि गरब्याची अनेक गाणी त्याच अंगाने जातात. म्हणून तीनमारवरून थेट कोळीगीतावर गेलं तर भाषा बदलते पण पाय अडखळत नाहीत. सासरचे नाचत असतानाच माहेरचे आत येतात. भांगडा, हिंदी पार्टीची गाणी ही आठ मात्रांच्या, केरव्याच्या घरातली. त्यांची जोडणी वेगळी करावी लागते. सहावरून आठवर धाडकन उडी मारली की दहा सेकंद सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत राहतात. तिथे हलगीचा किंवा ढोलाचा नुसता तुकडा मध्ये टाकतात. हे ऑपरेटरचं काम आहे, पण यादीत सहा मात्रांची गाणी एका बाजूला काढून दिलीत तर त्याचे कष्ट वाचतात. ताल कळत नसेल तर सरळ लिहा : "हे लेझीमसारखं", "हे गरब्यासारखं". तेवढं पुरतं.

तेलुगू-कन्नड गाण्यांची नावं देवनागरीत लिहा, सोबत सिनेमा आणि नटाचं नाव. ऑपरेटरला ती लिपी वाचता येईलच असं नाही, आणि एकाच ओळीने सुरू होणारी दोन-तीन गाणी असतात. सगळ्यात बरं म्हणजे गाण्याची लिंक पाठवणं, किंवा दोन ओळी गुणगुणून व्हॉइस मेसेज करणं. उत्तर कर्नाटकातल्या जानपद गाण्यांचा, म्हणजे तिकडच्या लोकगीतांचा, डीजे ठेका भन्नाट असतो, पण बोल कधी कधी फारच मोकळे असतात. ज्यांना कन्नड कळतं अशा घरातल्या एखाद्या अक्कांना आधी ऐकवा. त्या हसल्या तर ठेवा, कान धरला तर काढा.

यादी कोणी करायची आणि कधी द्यायची?

नवरा-नवरीने मिळून, लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी. दोन्हीकडून एकेक माणूस नेमा आणि ऑपरेटरला फक्त त्या दोघांचे नंबर द्या. हा माणूस भाऊ किंवा मित्र असावा. मामा नको, मामाला त्या दिवशी शंभर कामं असतात. आदल्या रात्री आलेली यादी आम्ही घेतो, पण ती वाजेलच अशी खात्री देत नाही.

हळदीला वेगळी यादी लागते का?

लागते, पण छोटी. हळद सकाळी किंवा दुपारी अंगणात, जवळच्या माणसांत होते. दोन छोटे बॉक्स आणि एक माइक पुरे. माइक बायकांकडे द्या. घाणा भरताना, जात्याला सूत बांधताना आजीला, काकूला दोन ओव्या आठवतात, त्या स्पीकरवरच्या कुठल्याही हळदीच्या गाण्यापेक्षा चांगल्या लागतात. त्या गात असताना गाणी बंद. हळद लावून झाली, पाणी उडायला लागलं, की मग वाजवा काय वाजवायचं ते. आणि मिक्सर पाण्यापासून लांब ठेवा, ही विनंती.

मुहूर्ताला काय वाजवायचं?

मंगलाष्टका चालू असताना काहीच नाही. मागे हळू सनई ठेवा म्हणतात, ती पण नको. मंगलाष्टक म्हणणाऱ्याची पट्टी वेगळी, सनईची वेगळी, दोन्ही मिळून कानाला कसंतरीच होतं. आदल्या रात्री आत्याने रचलेलं मंगलाष्टक असेल तर तो कागद हातात धरून माइक कसा धरायचा, हे तिला आधी एकदा दाखवा.

खरी गोची 'सावधान'ची. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' येतं, आणि नवखा ऑपरेटर पहिल्याच 'सावधान'ला गाणं सोडून देतो. अंतरपाट अजून मधे, गुरुजी वळून बघतात, सगळे हसतात. खूण ठरवून घ्या : अंतरपाट निघाला की. आणि ती खूण गुरुजींजवळ उभ्या माणसाने हात वर करून द्यायची. स्टेजसमोर फोटोग्राफरची भिंत असते, ऑपरेटरला अंतरपाट दिसतच नाही.

अक्षता कधी टाकायच्या हे सोलापूरकराला शिकवायला नको. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा सगळी गर्दी अक्षता टाकायच्या खुणेच्या शब्दांसाठी कान देऊन असते. आपल्या हॉलमध्येही तेवढी शांतता दोन मिनिटं मिळवता येते, फक्त डीजेने आधी हात आवरायला हवा.

तेलुगू पद्धतीत मुहूर्ताचा क्षण जीलकर्र-बेल्लम, म्हणजे जिरं-गूळ डोक्यावर ठेवायचा. तिथे वाजंत्री जोरात वाजतात. मिश्र लग्नात दोन्ही विधी असतील तर दोन्हींच्या खुणा कागदावर लिहा.

हार घालताना, मंगळसूत्र बांधताना एकेक गाणं हवं असतं. ते तुम्हीच निवडा, अगदी कुठल्या सेकंदापासून सुरू करायचं तेही. बऱ्याच गाण्यांची सुरुवातीची धून अर्धा-पाऊण मिनिट चालते आणि हार तर पाच सेकंदांत पडतो.

पंगतीत कुठली गाणी?

बोलता येईल अशी. जुनी भावगीतं, बासरी, सनई. शेजारच्याला "हुग्गी वाढा" सांगायला ओरडावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. बॉक्स जेवणाच्या बाजूला तोंड करून लावू नका, आणि त्याच्या समोरच्या रांगेत म्हातारी माणसं बसवू नका.

लावणीला लग्नात जागा आहे का?

रामजोशी सोलापूरचे. त्यांच्या गावात लावणीला लाजायचं कारण नाही. जेवणं झाल्यावर, मोठा नाच सुरू व्हायच्या आधी दोन लावण्या लावून बघा. ढोलकीचा तोडा पडला की एरवी पदर सांभाळत बसलेल्या काकू सगळ्यात आधी उठतात. बाकीच्या नाचाला तिथूनच माणसं मिळतात.

ते एक गाणं किती वाजता लावायचं?

कुठलं ते सांगायची गरज नाही. २०१६ साली आलेला, आपल्याच करमाळ्यात चित्रित झालेला सिनेमा, आणि त्यातलं ते गाणं. फर्माइश पहिल्या दहा मिनिटांत येते. तेव्हा लावू नका. त्यानंतर जे लावाल ते फिकं पडतं. नाचाचा तीन-चतुर्थांश वेळ झाला, लोक दमत आले, की ते सोडा. बसलेले पण उठतात. दुसऱ्यांदा हवं असेल तर अगदी शेवटी.

पाहुण्यांच्या फर्माइशी घ्यायच्या की नाही?

घ्या, पण चिठ्ठीवर किंवा नेमलेल्या माणसामार्फत. ऑपरेटरभोवती पाच जण मोबाइल नाचवत उभे राहिले की त्याचं लक्ष मिक्सरवर राहत नाही. आमचा नियम : 'नकोत' रकान्यातलं कोणीही मागितलं तरी नाही, नवरदेवाच्या मित्रांनी मागितलं तरी नाही. नवरी स्वतः आली तर बघू.

गाणी पेनड्राइव्हवर देऊ की मोबाइलवर?

पेनड्राइव्ह, आणि त्याच्या दोन प्रती. तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर बहुतेक सगळी मशिनं वाचतात. कार्यक्रमानुसार फोल्डर करा : ०१ हळद, ०२ प्रवेश, ०३ हार, असं. फाइलचं नाव "न्यू ऑडिओ ७" असेल तर आम्हाला काय कळणार?

अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाहीत, ती पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली क्लिप मोबाइलला ठीक वाटते, मोठ्या बॉक्सवर ती चिरकते. चांगली फाइल ओळखायचा ढोबळ हिशोब सांगतो : ३२० केबीपीएसचं (हा आकडा मोठा तितका आवाज स्वच्छ) चार मिनिटांचं गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास भरतं, १२८ केबीपीएसचं चारच्या आत. तीन एमबीचं असेल तर दुसरीकडून शोधा. वाईट फाइल मोठ्या आकारात बदलून घेतली म्हणून सुधारत नाही, फक्त जागा खाते.

संगीतात बहिणी-वहिनींचा बसवलेला नाच असेल तर ज्या फाइलवर सराव केला तीच फाइल द्या. 'तेच गाणं' आमच्याकडे असतं, पण तुम्ही मधलं कडवं कापलेलं असतं. मग एक वहिनी वळते आणि बाकीच्या वळत नाहीत. मोबाइलच लावायचा असेल तर फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर भर नाचात केटररचा फोन सगळ्या हॉलला ऐकू येतो.

वरातीत किती वाजेपर्यंत आणि किती आवाजात वाजवता येतं?

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत आणि ते देशभर लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. अपवाद बंदिस्त जागेचा : सभागृह, बँक्वेट हॉल, आणि तिथेही आवाज आतल्या आत राहायला हवा. होटगी रोड किंवा विजापूर रोडचं लॉन ही बंदिस्त जागा नाही. चारी बाजूंनी कापडी मांडव टाकला म्हणून ते सभागृह होत नाही. वर्षातले काही दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, १५ दिवसांपर्यंत, पण ती सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी. तुमच्या लग्नाचा दिवस त्यात आपोआप बसत नाही.

लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, शांतता क्षेत्रात ५०. रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र धरतात. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाजच साधारण ६० डेसिबल असतो, त्यावरून भिंतीसारखे बॉक्स रचलेल्या गाडीचं काय ते समजा. मिरवणुकीतल्या डीजेबद्दलचे आदेशही वेळोवेळी निघतात. विसार द्यायच्या आधी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. "गेल्या वर्षी चाललं होतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

यादीचा याच्याशी संबंध आहे. वरातीचा रस्ता कागदावर काढा. सिव्हिलसारखं रुग्णालय वाटेत असेल तर तिथे बॉक्स बंद आणि तेवढ्यापुरती माणसं चालत. मुद्दामच तिथे एक टप्पा हलगी-सनईचा ठेवायचा विचार असेल तर तोही नको, शांतता क्षेत्रात वाद्यांनाही सूट नाही. आमचं स्पष्ट मत : परण्याला, म्हणजे नवरदेव मारुतीला निघतो तेव्हा, बँड किंवा हलगी घ्या आणि डीजे हॉलमध्ये ठेवा. धंदा आमचा असूनही सांगतोय. रस्त्यावरचा डीजे शेजारच्यांना जेवढा ऐकू जातो, तेवढा नाचणाऱ्यांना लागतच नाही.

गाणी वाजवायला लायसन्स लागतं का? हॉलवाले पावती मागतात.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए). धार्मिक विधीत गाणं वाजवणं हा कॉपीराइटचा भंग धरत नाहीत, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभ आले आहेत. केंद्राच्या उद्योग विभागाने २४ जुलै २०२३ ला पत्रक काढून हेच पुन्हा सांगितलं. मोठ्या हॉटेलांतल्या, इव्हेंट कंपन्यांनी केलेल्या समारंभांवरून कोर्टात वाद झालेले आहेत, त्यामुळे तिथे करारात हा मुद्दा कोणाकडे आहे ते लिहून घ्या. घरचं लग्न कार्यालयात असेल तर हॉलवाल्याला हे कलम दाखवा. वाढदिवस, कंपनीची पार्टी, दुकानाचं उद्घाटन मात्र या सवलतीत येत नाही.

मे महिन्यात दुपारचं लग्न आहे. काही वेगळं बघावं लागतं?

सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळिशीपार. अ‍ॅम्प्लिफायर तापला की स्वतःहून बंद पडतो आणि थंड होईपर्यंत उठत नाही. त्याला सावली आणि पंखा द्या. जनरेटर आहे का, त्यावर साउंडची वेगळी लाइन आहे का, हे विचारा; कूलर आणि साउंड एकाच लाइनवर असले की घरघर ऐकू येते. यादीही उन्हाप्रमाणे हलवा : दुपारी चारच्या आत नाचाची गाणी फुकट जातात.

हुरडा पार्टीला डीजे सांगावा का?

शेतात? डिसेंबरच्या थंडीत, आगटीभोवती, शेंगा चटणी आणि गुळासोबत? एक बॅटरीवरचा छोटा स्पीकर न्या. मंडळींत गाणारं कोणीतरी असतंच.

ठरवताना कागदावर काय लिहून घ्यायचं?

किती तास, कुठून कुठपर्यंत; टॉपचे बॉक्स किती, बेसचे किती, कॉर्डलेस माइक किती; ऑपरेटर कोण येणार; जास्तीच्या तासाचा दर; विसार किती दिला; परवानगी कोणी काढायची; पोलिसांनी बंद करायला लावलं तर पैशांचं काय. शेवटचा मुद्दा सगळे टाळतात आणि भांडण नेमकं त्यावरच होतं.

डीजेवाल्यांना जेवायला बसवायचं का?

हो. दोघे असतात, पंगत चालू असताना एकेकाला बसवा, म्हणजे सनई बंद पडत नाही. शेवटच्या पंगतीला ठेवलं तर त्यांच्या वाट्याला भात आणि आमटी उरते.